किरनापूरची जीप आणि तणसाचा रस्ता

"बाबा, त्या फोनातल्या बाईचं तुमी सारं ऐकता, मंग आईचं काहून नाई ऐकत?"

मित्रांनो, हा प्रश्न खरं तर खुशीचा नव्हता. खो-खोच्या संघातल्या मैत्रिणींनी तिला पैज लावली होती. हे वाक्य बाबांच्या तोंडावर बोलून दाखवलंस तर बालाघाटपर्यंत खिडकीची जागा तुझी. खुशी दहावीत आहे. मागच्या वर्षापर्यंत ती हजेरी इतकी हळू द्यायची की बाई तिचं नाव दोनदा पुकारत. यंदा ती संघाची कप्तान झाली आणि तिचा आवाज उघडला. माझी मागची खिडकी उघडते ना, तसाच. आधी अडते, मग कर्र करते, आणि एकदा उघडली की कोणाच्या बापाला बंद होत नाही.

तिचा बाप भोजराज हातात चावी घेऊन उभा होता. तो रागावला नाही, रस्ता सांगणाऱ्या त्या फोनाकडे बघून हसला. म्हणाला, "तुह्या आईनं बालाघाट पायलं, गोंदिया पायलं. हिनं सारी दुनिया पायली."

खुशीची आई अनुसया अंगणात धान वाळवत होती. तिचं म्हणणं साधं होतं. मुलींना अकरा वाजता बालाघाटच्या मैदानावर उभं राहायचं आहे, तेव्हा आज डांबरी रस्ता सोडू नको. नवऱ्याचं उत्तर तिने ऐकलं. पायाने धान जरा जोरात परतलं, एवढंच.

आणि या सगळ्यांना घेऊन जाणारी मी. मी एक जुनी जीप आहे. रंग माझा मुळात पांढरा, पण लाल मातीत इतकी वर्षं काढल्यावर आता कोणी रंग विचारला तर मी विषय बदलते. माझ्या दारावर पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, 'चालक + ९'. ही अक्षरं पुसट झाली आहेत. खरं सांगायचं तर ती पुसट झाल्याचा त्रास माझ्याशिवाय कोणाला झाला नाही.

दूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. अंगावर नवी कातडी आसनं, नव्या रबराचा वास. पहिली दहा वर्षं मी उकव्याला खाणीच्या साहेबांकडे होते. जंगलाचा रस्ता, मँगनीजची काळी धूळ, आणि आत फक्त चार माणसं. तेव्हा मला वाटायचं, आपलं आयुष्य फार कष्टाचं आहे. आता आठवलं की माझं मलाच हसू येतं.

मग लिलाव झाला आणि मला खुशीच्या आजोबांनी, महागूजींनी, किरनापूरला आणलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण रस्ता वाचता यायचा. पाणी आडवं आलं की ते खाली उतरत, काठी बुडवून पाहत, मगच माझं चाक पुढे टाकत. त्यांच्या हाताखाली मी किती नवऱ्या सासरी पोचवल्या आणि किती बाळंतिणी दवाखान्यात नेल्या, याची गणती नाही. गावात लोक म्हणायचे, महागूची जीप म्हणजे घरची म्हैस, कधी दगा देत नाही. मला म्हैस म्हटलेलं आवडायचं नाही, पण त्यात माया होती.

महागूजी गेल्यावर दोन वर्षं मी गोठ्यामागे उभी होते. माझ्या बॉनेटवर कोंबडी अंडी घालायची. भोजराजने मला पुन्हा रस्त्यावर आणलं, हे त्याचे उपकार मी विसरणार नाही. त्याने नवं इंजिन ऑइल घातलं, टपावर लोखंडी कठडा बसवला, आणि मागे उभं राहायला एक फळी जोडली. कठडा आणि फळी पाहून मी ओळखलं, आता आपले दिवस भरले. म्हणजे आपण भरले जाणार.

भोजराज मनाने चांगला आहे. त्याला कोणाला नाही म्हणता येत नाही, हाच त्याचा दोष. रस्त्यात कोणी हात दाखवला की तो थांबतो आणि म्हणतो, "सरका रे जरासे." या तीन शब्दांनी माझ्या खालच्या लोखंडी पाट्यांचं जे झालं आहे ते मला माहीत. नऊच्या जागी बारा, बाराच्या जागी सोळा. सगळे सरकतात. मी कुठे सरकू?

आणि फोन. त्याचंही कारण आहे, बरं. दोन वर्षांपूर्वी भोजराज एका आजारी माणसाला घेऊन गोंदियाला गेला होता. अनोळखी गाव, गल्ल्याच गल्ल्या. फोनातल्या बाईने त्याला थेट दवाखान्याच्या फाटकाशी नेऊन उभं केलं. तेव्हापासून त्याची तिच्यावर भक्ती बसली. दसऱ्याला माझ्या बॉनेटवर झेंडूची माळ घातली, तशी फोनच्या स्टँडलाही कुंकू लावलं. अनुसयाने ते पाहिलं आणि तोंड फिरवून हसली.

तर त्या दिवशीची गोष्ट. नोव्हेंबरची कोवळी सकाळ. आत संघाच्या बारा मुली आणि खेळाच्या मंजुषा मॅडम. निदान एवढ्यावर तरी थांबायला हवं होतं, पण चौकात बाजाराला जाणारे चौघे उभे होते. "सरका रे जरासे." दोघे आत, दोघे फळीवर. टपावर त्यांची धानाची तीन पोती आणि मुलींच्या पिशव्या. भोजराज धरून अठरा माणसं. अंजू नावाची मुलगी दुसऱ्या दोघींच्या मांडीवर बसली होती आणि सांगत होती, की तिचा एक पाय कुठे आहे ते तिला सापडत नाही. सगळ्या खिदळत होत्या. या मुली पहिल्यांदाच जिल्ह्यावर खेळणार होत्या. अकराला मैदानावर नाही पोचल्या तर समोरच्या संघाला न खेळताच विजय, हे मॅडमनी चारदा बजावलं होतं.

सहा-सात किलोमीटरवर रस्ता अडला. धान विकायला निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग डांबरीवर आडवीतिडवी उभी होती. भोजराजने घड्याळ पाहिलं. तेवढ्यात बाई बोलली, "आगे से दाएँ मुड़ें." पडद्यावर एक निळी रेघ उजवीकडे वळून नदी ओलांडत होती आणि वीस मिनिटं वाचवत होती. खुशी म्हणाली, "बाबा, आई बोलली होती." भोजराज म्हणाला, आईला काय माहीत होतं इथे ट्रॉल्या अडकतील म्हणून. त्याचं तेही खोटं नव्हतं. त्याने मला उजवीकडे वळवलं.

कच्चा रस्ता, दोन्ही बाजूला अर्धवट कापलेली धानाची शेतं. मग नदीचा उतार. काठावर एक म्हातारी विळा घेऊन गवत कापत होती. तिने दोन्ही हात वर करून हलवले. मुलींना वाटलं ती टाटा करते आहे. त्यांनीही टाटा केला. बाई म्हणाली, "सीधे चलें."

मी सरळ गेले. माझ्या हातात काय होतं?

पुढची चाकं वाळूत शिरली आणि शिरतच राहिली. मी डाव्या अंगाला कलले. डाव्या अंगाला डोह होता. टपावरचं एक पोतं घसरलं आणि धप्पकन पाण्यात गेलं. आतलं हसणं तुटलं. मित्रांनो, मी लोखंडाची आहे, पण त्या क्षणी माझ्या आत बारा लेकरं होती आणि अंगाखाली जमीन नव्हती. फळीवरच्या दोघांनी उडी मारायला पाय उचलला तशी मी आणखी डावीकडे झुकले.

"हलू नका कोनी," खुशी म्हणाली. ओरडली नाही, नुसती म्हणाली, पण सतरा माणसांनी ऐकलं. "उजवीकडून उतरायचं. एकेक. अंजू, तू पयले."

अंजूला तिचा पाय सापडला. ती उतरली. मग एकेक. फळीवरचे दोघे कडेला बसून बसून सरकले. मंजुषा मॅडम, मग खुशी, सगळ्यात शेवटी भोजराज. जसजशी माणसं उतरत गेली तसतशी मी सावरत गेले. माझं मीच ऐकलं, पाटे कर्र करून वर आले. कोणाला ओरखडासुद्धा नाही.

म्हातारी तोवर धापा टाकत खाली आली होती. दुर्गाबाई तिचं नाव. तिने भोजराजकडे पाहिलं, मग त्याच्या फोनकडे.

"कोनता रस्ता पायता?" ती म्हणाली. "आमचा रस्ता तर आजून वावरात उभा हाय."

कोणाला काही कळेना. मग तिने विळ्यानेच दाखवलं. या गावची रीत अशी, की दरवर्षी धान घरी आलं की उरलेलं तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, अख्खं गाव नदीत आणून अंथरतं. खाली बांबूचे तट्टे, वर तणीस, त्यावर मुरूम. त्यावरून उन्हाळाभर बैलगाड्या जातात, मोटारी जातात. पावसाळ्यात नदी तो रस्ता घेऊन जाते, आणि पुढच्या धानाला गाव नवा करतं. मागच्या उन्हाळ्यात लोकांचे फोन त्यावरून गेले, ते त्या बाईने लक्षात ठेवलं. रस्ता वाहून गेल्याचं तिला कोणी सांगितलंच नाही. आणि यंदाचं धान तर अजून निम्मं कापायचं होतं.

भोजराज खाली वाळूत बसला. मुलींकडे पाहीना. "बावाजीनं काठी बुडवून पायली असती," एवढंच म्हणाला. बावाजी म्हणजे महागूजी. माझे डोळे असते तर तेव्हा भरले असते. दिवे आहेत, पण ते दिवसा लागत नाहीत.

दुर्गाबाईला रडारड पाहायला सवड नव्हती. तिने मुलींना काठावरच्या बेशरमाच्या झुडपांकडे पिटाळलं. बारा मुलींनी दहा मिनिटांत अर्धा काठ बोडका केला. फांद्या चाकांखाली घातल्या, उरलेली दोन पोती टपावरून उतरवली, आणि भोजराजने गिअर मागे टाकला. बारा मुली, मॅडम, बाजाराचे चौघे आणि दुर्गाबाई, सगळ्यांनी मला समोरून रेटलं. रिकामं अंग किती हलकं असतं हे मी विसरूनच गेले होते. दुसऱ्या रेट्याला मी वर.

घड्याळात सव्वादहा. मंजुषा मॅडमनी तिथेच ठरवलं. मैदानात नऊच मुली लागतात. नऊ जणी जीपने पुढे जातील. राहिलेल्या तिघींना आणि पोती खांद्यावर घेतलेल्या बाजारवाल्यांना घेऊन मॅडम डांबरीपर्यंत चालत जाऊन बस धरतील. संघाची यादी आणि ओळखपत्रं त्यांनी खुशीच्या हातात दिली. फोन भोजराजने स्वतःच काढून समोरच्या कप्प्यात टाकला.

डांबरीवर येईतो ट्रॉल्यांची रांग सरकली होती. आणि मग काय सांगू. नऊ मुली, एक चालक, चारही चाकं जमिनीला सारखी टेकलेली, ब्रेक एका पायात लागतो आहे. उकव्यानंतर अशी मी धावलेच नव्हते. मैदानाच्या फाटकाशी पोचलो तेव्हा संघाचं नाव तिसऱ्यांदा पुकारत होते, आणि खुशी खिडकीतूनच "हजर" म्हणाली. अशी, की पंचांनी कानांवर हात ठेवले.

पहिला सामना त्या जिंकल्या. दुसरा दोन गुणांनी हरल्या. तोवर मॅडम आणि तिघीही येऊन पोचल्या होत्या. सगळ्या मिळून इतका गोंधळ घातला की जिंकलेला संघ बघायला आला, हे नक्की कशाबद्दल.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण माणसाची खोड ती खोड. परतताना मॅडम सहा मुलींना घेऊन बसने निघाल्या, आणि सहा जणी माझ्यात बसल्या. बालाघाटच्या स्टँडवर ओळखीची माणसं उभी. भोजराजने हात केला. "सरका रे जरासे." उन्हं उतरताना मी किरनापूरला पोचले तेव्हा माझ्यात चौदा होते. खुशी खिडकीशी बसली होती. ती बोटांवर मोजत होती.

मित्रांनो, मी म्हातारी झाले, काम करायला माझी ना नाही. मला धुवा, माझं ऑइल बदला, मी अजून खूप वर्षं धावेन. पण माझ्या अंगाला जेवढं पेलतं तेवढंच घाला. आणि फोन विचारा, जरूर विचारा, पण काठावर कोणी हात हलवत असेल तर आधी थांबा. तो तिथे राहतो. फोन तिथे राहत नाही.

अंगणात अनुसया धान गोळा करत होती. भोजराज मला पाणी मारत होता. खुशी पिशवी न ठेवता दोघांच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"आई, बाबा, मी ठरवलं," ती म्हणाली. "उद्यापासून दहावी सवारी चढली का मी उतरीन. चौकात असो, जंगलात असो, शाळेले उशीर होवो. तुमी थांबवू नका, मी पायी जाईन."

भोजराजच्या हातातली नळी तशीच वाहत राहिली. "आन् आमी रोज नऊच घेतल्या तं?" त्याने विचारलं.

"तं मी रोज बसीन," खुशी म्हणाली, "पन मोजूनच."