दुसऱ्या झाडाची साल

घरामागच्या मुतुबाच्या झाडाला केळीची पानं गुंडाळलेली होती. कमरेच्या उंचीपासून पहिल्या फांदीपर्यंत, एकावर एक, आणि केळीच्याच सोपाने घट्ट बांधलेली. पानांच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या, शिरा अजून हिरव्या होत्या. ब्लांडिनाने एक पान बोटाने जरासं उचललं. आत साल नव्हती. उघड्या खोडावर ओलसर, फिकट हिरवी झाक धरू लागली होती. तिने पान लगेच दाबून पुन्हा जागेवर बसवलं. उघड्या खोडाला ऊन लागलं तर झाड नवी साल धरत नाही.

म्हणजे साल काढली ती अलीकडेच. नेमकी ती कंपालात असताना.

गाइतानोच्या मुलाच्या पदवीच्या समारंभाला ती गेली होती. निघायच्या दिवशी गाइतानोने तिची पिशवी हातातून काढून घेतली होती. "एक दिवस थांब गं. सदान्‌कदा काय ती बाग बाग? पळून जाणार आहे का?" भावाने इतक्या आग्रहाने थांबवून घ्यावं, असं याआधी कधी झालं नव्हतं.

मुतुबाची साल कुणी उगाच काढत नाही. ती ठोकून वल्कल होतं आणि घरातल्या मेलेल्या माणसाचा दुखवटा उठवून वारस बसवतात तेव्हा ते त्याच्या खांद्यावर बांधतात. बाबांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. दुखवटा अजून उठला नव्हता, वारस बसला नव्हता.

तिची नजर कुंपणाकडे गेली. तिथलं दुसरं झाड, बारीक खोडाचं, तेही पानांत गुंडाळलेलं होतं.

एक वल्कल वारसाचं. दुसरं लुबुगाचं, वारसाच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या बहिणीचं. बहीण उभी राहिल्याशिवाय वारस बसत नाही. बाबांना पुरलं त्या दिवशी लॉवुलेन्सिओकाकांनी तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, "वारस गाइतानो. त्याच्या शेजारी तू. काय म्हणतेस?" ती म्हणाली होती, "बघू, काका." कारण तासाभरापूर्वीच तिने गाइतानोला एका अनोळखी माणसाबरोबर केळीच्या बागेची कड पावलांनी मोजताना पाहिलं होतं. बाबांवरची माती अजून ओली होती. घर आणि बाग तेव्हापासून तीच सांभाळत होती. दर डिसेंबरात काका विचारायचे, दर डिसेंबरात ती म्हणायची, "बघू." आपण बोललो नाही तोवर काहीच हलणार नाही, असा तिचा हिशेब होता.

आता कुणीतरी तिला वगळून हलवत होतं. तिने बारीक झाडाच्या खोडाला दोन्ही हातांनी वेढा घातला. बोटं सहज एकमेकांवर आली. एवढ्याशा खोडातून निघणारं वस्त्र तिला गुडघ्यापर्यंतही आलं नसतं. घरात ती सगळ्यांत उंच. आणि सगळ्यांत बुटकी होती धाकटी योझेफिना.

योझेफिना अंगणात चटईवर बसून नाकतोड्यांचे पंख आणि पाय खुडत होती. रात्रभर दिव्याखाली पत्रे लावून पकडलेले, तळून खायचे हिरवे नाकतोडे टोपलीभर होते.

"माझ्यामागे इथे कोण आलं होतं?" ब्लांडिना समोर बसली आणि खुडू लागली.

"कोण येणार? कोंबड्या."

"आणि सकाळी ती टकटक कसली येते, शेजारच्या मुसोकेच्या टेकडीवरून?"

योझेफिनाने मान वर केली नाही. "सुतार असेल. नाताळ आलाय, लोकांना खाटा हव्यात."

"सुताराचा ठोका कोरडा असतो. हा ओला वाटतो."

"ताई, तू ना, पोलिसात जायला हवं होतंस." योझेफिना हसली. मग म्हणाली, "मला एक सांग. माझ्या मागणीला ते लोक आले की बाबांच्या जागी बसणार कोण? चटई? सगळ्यांचं सगळं होतंय, पदव्या काय, बारशी काय. फक्त माझंच 'बघू'वर अडलंय."

हिला लुबुगा केलं की हिचीही अडचण सुटते, हे ब्लांडिनाच्या मनात पक्कं बसलं.

शनिवारी चुलत बहिणीच्या जुळ्यांचं बारसं होतं. मांडवात ढोल चालू होते, केळीच्या पानांतून उकडलेल्या मातोकेची, कच्च्या केळ्यांची, वाफ निघत होती. ब्लांडिना ताट घेऊन बायकांच्या घोळक्याकडे वळली तशी एकजण म्हणाली, "आल्या गं बघूताई!" सगळ्या हसल्या आणि मग जे बोलत होत्या ते बोलायच्या थांबल्या. शेंगदाण्याच्या रश्शाचं कौतुक सुरू झालं. रस्सा खारट होता.

संध्याकाळी घरी परतल्यावर तिला अंगणात खुंट्या ठोकलेल्या दिसल्या. ती एकेक खुंटी बघत गेली. मांडवाच्या असत्या तर त्या अंगणातच संपायला हव्या होत्या, पण शेवटची बागेत होती, बाबांच्या थडग्याच्या पलीकडे.

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर गाइतानोच्या गाडीतून काका आले. फणसाखाली त्यांना स्टूल दिलं. ब्लांडिनाने गुडघे टेकून त्यांना नमस्कार केला. त्यांनी तब्येत विचारली, कोंबड्यांची चौकशी केली. तिने सगळ्याची उत्तरं दिली आणि गुडघ्यावरूनच विचारलं, "काका, झाडं कुणी सोलली?"

गाइतानो मोठ्याने हसला. "झालं सुरू! म्हटलं नव्हतं, ही पानाखाली डोकावल्याशिवाय राहणार नाही?"

"मी सोलली," काका म्हणाले.

"आणि ती टकटक?"

"तीही मीच. मुसोकेच्या छपरीत. हे बघ, खांदा वर जात नाही आता."

"मला कंपालात अडकवून?"

"तू इथे असतीस तर झाडाला मिठी मारून उभी राहिली असतीस, पोरी. मग मी काय तुझी साल काढली असती?"

योझेफिना फिस्सकन हसली. ब्लांडिनाला हसू आलं नाही. "बारीक झाडाचं कुणासाठी? ते योझेफिनाच्या मापाचं आहे."

काकांनी खूण केली. गाइतानोने गाडीतून एक गाठोडं आणलं. काकांनी ते चटईवर उलगडलं. विटकरी रंगाचं वल्कल चटईभर पसरलं, दोन्ही बाजूंनी चटईच्या बाहेर गेलं, तरी घडी संपेना.

"साल ठोकली की पसरते. लहानपणी माझ्याशेजारी बसून बघायचीस ना? विसरलीस?"

विसरली नव्हती. तरीही तिने फक्त खोडाला वेढा घालून बघितला होता. तिचे कान तापले.

काकांनी तिला उभं केलं आणि वस्त्र तिच्या खांद्याला लावलं. ते पोटरीपर्यंत आलं. खालच्या कडेला तिला एक दुमड दिसली, लांब टाक्यांनी नुसती अडकवलेली. "ही कशाला?"

"तू नाही म्हणालीस तर योझेफिनासाठी," काकांनी लपवलं नाही. "दोरा ठेवला तर तिचं, उसवला तर तुझं. मी म्हातारा झालोय. पुढच्या डिसेंबरात विचारायला असेन की नाही, कुणाला ठाऊक?"

"आणि खुंट्या?"

"मांडवाच्या," गाइतानो म्हणाला. "योझेफिनाच्या मागणीला येणाऱ्या पाहुण्यांना काय कोंबड्यांत बसवू?"

"शेवटची बाबांच्या पलीकडे आहे, दादा. मांडव तिथवर जाणार?"

गाइतानोने रुमालाने मान पुसली. नाकतोडे तळायला ठेवलेल्या कढईखाली लाकूड तडतडत होतं.

"ती मांडवाची नाही," शेवटी तो म्हणाला. "एक माणूस आला होता बाग बघायला. नुसती बघायला."

"बाबांना पुरलं तेव्हाही एक आला होता. नुसता बघायला."

काकांचा हात वल्कलावर थांबला. "हे मला बोलला नाहीस, गाइतानो."

"बोलण्यासारखं ठरलंय कुठे, काका? पण कुणीतरी विचार करायला नको? हिच्यामागे इथे राहणार कोण? मी येणार आहे मातोके तोडायला? माझी पोरं येणार आहेत? सांगा ना."

प्रश्न खोटा नव्हता, आणि म्हणूनच ब्लांडिनाला त्याची जास्त भीती वाटली. तिने वर बघितलं. या फणसाने घरावर सावली धरली म्हणून बाबांना तो तोडायचा होता. कुऱ्हाड हातात घेऊन ते आधी स्वतःच्या लुबुगाला, आत्याला, विचारायला गेले होते. आत्या शेंगा सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली होती, "नको." बाबा कुरकुरत परत आले, कुऱ्हाड ठेवून दिली. आत्या गेली, बाबा गेले, फणस तिथेच होता.

इतकी वर्षं ब्लांडिना गप्प राहून बाग राखत होती. आणि खुंटी ती गप्प असतानाच ठोकली गेली होती. योझेफिना वाईट नव्हती, पण लग्न होऊन ती दूर जाणार, आणि दादाने गोड आवाजात विचारलं की "तू म्हणशील तसं" म्हणणार. दादालाही ते ठाऊक होतं. तो दुमडीच्या दोऱ्याकडे बघत होता.

"कात्री आण," ब्लांडिना योझेफिनाला म्हणाली.

"कशाला?"

"आण म्हटलं ना."

योझेफिना धावत जाऊन घेऊन आली. ब्लांडिना चटईवर बसली, दुमड मांडीवर घेतली आणि पहिला टाका कापला. मग दुसरा. सगळा दोरा ओढून निघाला तेव्हा तिने मान वर केली. काकांकडे नाही, गाइतानोकडे बघितलं.

"दादाच्या शेजारी मी उभी राहणार आहे, काका," ती म्हणाली. "त्याच्यावर विश्वास आहे म्हणून नाही. विश्वास नाही, म्हणून."