हुस्नारा कानपुरी यांचं वाक्य

तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले आणि सिनेमे ऐकू लागले. पाहायला नव्हे, ऐकायलाच. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, उतरवायचं, पुन्हा ऐकायचं. बेलार्ड इस्टेटमधले पारशी प्रकाशक पेसी कराका जुन्या हिंदी चित्रपटांचे संवाद पुस्तकरूपात छापत. डाव्या पानावर मूळ वाक्य उर्दू लिपीत आणि खाली नागरीत, उजव्या पानावर माझं इंग्रजी. परदेशात वाढलेली, आजोबांची भाषा न येणारी मुलं ही पुस्तकं घेत. इथली घेत ती बहुधा भांडायला घेत असावीत, कारण कराकांकडे चुका दाखवणारी पत्रं फार येत.

पाचवं पुस्तक ‘नीलमहल की ड्योढी’चं ठरलं. चित्रपट १९५७चा, संवाद वकार संडीलवींचे. २००९ हे वकारसाहेबांचं जन्मशताब्दी वर्ष. त्यांचे चिरंजीव तौसीफसाहेब वडिलांच्या नावानं एक न्यास चालवत. त्यांनी प्रस्तावना लिहायचं कबूल केलं, शताब्दीच्या समारंभासाठी पाचशे प्रती आधीच मागवल्या आणि वकारसाहेबांच्या हस्ताक्षरातली मूळ पटकथा माझ्या हातात ठेवली. लाल कापडात गुंडाळलेली, कडा कुरतडलेली. चित्रपट बनवणाऱ्या कंपनीची परवानगी कराकांनी आधीच मिळवली होती. तेव्हा सगळं सुरळीत चाललं होतं.

ज्यांनी हा चित्रपट पाहिलाय त्यांना एक प्रसंग आठवणारच. ठाकूर भर दरबारात बसलाय. विधवा मालकिणीची चिठ्ठी घेऊन तिची मोलकरीण थेट आत येते. ठाकूर विचारतो, ‘किसकी इजाजत से अंदर आई?’ आणि ती म्हणते, ‘दरवाजे से आई हूँ, हुजूर. इजाजत वो लें, जो खिडकी से आते हैं.’ आधीच्याच रिळात ठाकूर रात्री खिडकीतून त्या विधवेच्या खोलीत शिरलेला असतो. थिएटरात लोक खुर्च्यांवर उभे राहत म्हणे. अख्ख्या चित्रपटातलं लोकांच्या तोंडी राहिलेलं वाक्य ते हेच, तेही हिरॉइनचं नव्हे, अर्ध्या मिनिटासाठी पडद्यावर आलेल्या एका अनामिक बाईचं.

हे वाक्य बोलून ती पाठ वळवते आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटते. नेमक्या त्याच क्षणी सारंग्या सुरू होतात. तो एक शब्द मी चाळीस वेळा ऐकला. कराका म्हणाले, “नुजहतबाई, तीन टिंबं टाका नी पुढे चाला. कोण मरतंय त्या शब्दावाचून?”

“मी मरतेय,” मी म्हटलं आणि मूळ पटकथेतलं ते पान काढलं.

पुटपुटणं तिथं नव्हतंच. ते प्रसिद्ध वाक्यही नव्हतं. मोलकरणीच्या तोंडी चारच शब्द होते: ‘खता माफ हो, हुजूर.’ आणि कंसात लिहिलं होतं, डोकं झुकवून निघून जाते.

मी तौसीफसाहेबांना फोन केला. ते हसले. “मोहतरमा, अब्बा सेटवर बसून सिगरेटच्या पाकिटावर वाक्यं बदलायचे. तेव्हा सगळेच तसं करत.” मला ते पटलं. पण त्या पुटपुटलेल्या शब्दाचा उलगडा काही होईना. ज्युनिअर आर्टिस्टांच्या जुन्या संघटनेत एक म्हातारे कारकून होते. त्यांनी दोन आठवड्यांनी पत्ता काढून दिला: हुस्नारा, माहीम, कापड बाजाराच्या मागं, दुसरा मजला.

हुस्नारा खाला त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या. भाचीच्या घरी दिवाणावर बसून त्या तांदूळ निवडत होत्या आणि मी येऊन बसले तरी निवडतच राहिल्या. मी वाक्याबद्दल काही विचारलंच नाही. फक्त म्हटलं, “पाठ फिरवताना तुम्ही काय पुटपुटलात ते सांगाल?”

त्यांचे हात थांबले. “पन्नास वर्षांत मला हे कुणी विचारलं नाही.” मग पदराआड हसल्या. “रामआसरे म्हटलं.”

“रामआसरे कोण?”

“स्टुडिओचा दरवान. मुडदा मेला. आम्हा एक्स्ट्रा बायकांना तो मोठ्या फाटकातून सोडायचा नाही. मागच्या गटारीकडून यायचं, तिथल्या फुटक्या भिंतीतून. त्या दिवशी मी नवी चप्पल घातली होती. म्हटलं, नाही जात गटारीतून. गेले सरळ मोठ्या फाटकातून. तो ओरडला, कुणाच्या परवानगीनं आत आलीस? मी म्हटलं, दारातून आलेय, परवानगी खिडकीतून येणाऱ्यांनी घ्यावी. आणि चालत राहिले.”

“आणि दुपारी…”

“दुपारी ठाकूरनं हुबेहूब तेच विचारलं बघ. तीन वेळा मी ‘खता माफ हो’ म्हटलं, तिन्ही वेळा काही ना काही बिघडलं. कधी दिवा गेला, कधी कुणी शिंकलं. चौथ्या वेळी त्यानं विचारलं, तेव्हा मला समोर ठाकूर दिसेना, रामआसरेच दिसला. तोंडातून निघून गेलं. वर त्याचं नावही घेतलं मेल्याचं.”

“पण खिडकीचं? ठाकूर खिडकीतून आलेला असतो, ते तुम्हाला…”

“अगं, आम्हाला गोष्ट कोण सांगतं? मला माहीतच नव्हतं तो खिडकीतून आला होता ते. सेटवर सगळे माझ्याकडे वळले. मला वाटलं, गेली आजची रोजी. मग वकारसाहेब खुर्चीतून उठले. माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, मुली, हे राहू दे. पण कुणाला सांगू नकोस. माझ्या चार मुलींचं पोट याच कामावर आहे, आणि हे मला सुचायला हवं होतं.”

त्या पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. “भला माणूस होता. मी नाही सांगितलं कुणाला. आता तू विचारलंस म्हणून. लिही तुला काय लिहायचं ते, त्याच्या नावावर लिही. मला काय करायचंय.”

मी निघता निघता सहज म्हणून गेले की पुस्तकाच्या मागच्या बाजूला वकारसाहेबांचा फोटो असेल आणि त्याखाली फक्त हे एक वाक्य.

“फक्त हेच?” त्यांनी सूप खाली ठेवलं. “सबंध सिनेमा लिहिला त्यानं. दुसरं एक वाक्य मिळालं नाही छापायला?”

“तौसीफसाहेबांनी निवडलंय.”

खालांनी हात झटकले. मग म्हणाल्या, “सिनेमात गप्प राहिले, ते त्याच्या शब्दाखातर. त्याच्या पोरानं माझं वाक्य त्याच्या फोटोखाली चिकटवायचं, हे नाही चालणार. माझं नाव घाल त्याखाली.”

घरी येऊन मी ती जागा हळू वेगानं लावली. नाव माहीत असल्यावर कान वेगळा होतो. सारंग्यांच्या आत, अगदी स्पष्ट: रामआसरे. वकार संडीलवींना कुठल्याही कारणानं एका दरवानाचं नाव त्या दरबारात आणायची गरज नव्हती.

मी टीप लिहिली, चार ओळींची, आणि कराकांना दाखवली. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “तमे मने मारी नाखशो, बाई. मारूनच टाकाल मला. पाचशे प्रतींची मागणी आहे त्याची.” तरी त्यांनी तौसीफसाहेबांना बोलावलं. मी खालांना फोनवर सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “मी पण येते.”

बेलार्ड इस्टेटच्या त्या ऑफिसात आम्ही चौघं बसलो. टेबलावर बनमस्का आला, कुणी शिवला नाही. तौसीफसाहेबांनी टीप वाचली आणि कागद उलटा ठेवला.

“एका एक्स्ट्राच्या सांगण्यावरून तुम्ही वकार संडीलवींना चोर ठरवणार?”

“चोर कुठं लिहिलंय?” मी म्हटलं. “पटकथेत हे वाक्य नाही, एवढं लिहिलंय. पान तुम्हीच दिलंत. आणि हे ऐका.” मी रेकॉर्ड केलेला तुकडा लावला. त्यांनी तो एकदाच ऐकला.

“नोकराचं नाव असेल. पटकथेत नोकर असतात.”

“या चित्रपटात रामआसरे नावाचं कुणी नाही. मी प्रत्येक वाक्य तीन लिप्यांत उतरवलंय.”

ते कराकांकडे वळले. “ही टीप छापली तर माझी प्रस्तावना नाही, अब्बांचा फोटो नाही आणि पाचशे प्रतीही नाहीत. आभाराच्या पानावर बाईंचं नाव घाला हवं तर, ‘सहकार्याबद्दल’. त्याला माझी ना नाही.”

कराकांचे डोळे क्षणभर चमकले. मधला रस्ता सापडला की त्यांचा चेहरा असाच होई. “जुओ, नुजहतबाई, काय खोटं आहे? आभार तर आभार.”

“मग माझं भाषांतर काढून घ्या,” मी म्हटलं. “दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. ज्याला माहीत नाही त्याच्याकडून. मला माहीत आहे, आता माझ्याच्यानं ते वाक्य वकारसाहेबांच्या नावावर उतरवलं जाणार नाही.”

खाला खुर्चीतून पुढं सरकल्या. आता त्यांनी तौसीफसाहेबांकडे पाहिलं. “बेटा, तुझे अब्बा दर जूनला आंब्यांची एक पेटी बाहेर पाठवायचे. आठवतं?”

तौसीफसाहेबांचा चेहरा आक्रसला. “आठवतं.”

“पेटी आणणारा नोकर सांगायचा, तुझ्या अम्मीला वाटतं, कुणा बाईकडे जाते.”

“बाईकडेच जायची,” ते हळू म्हणाले. “अम्मी दर जूनला आठ दिवस त्यांच्याशी बोलत नसे.”

“माझ्याकडे यायची. तेहेतीस वर्षं आली. तो स्वतः कधी आला नाही, चिठ्ठीही नसायची. फक्त आंबे. मी पुन्हा कधी त्याच्यासमोर गेले नाही, त्यानंही कधी मर्यादा सोडली नाही. ती पेटी त्या वाक्याची होती. तुझ्या अम्मीला हे सांगायला हवं होतं. त्यानं सांगितलं नाही. ती त्याची चूक, माझी नाही.”

तौसीफसाहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं. मला वाटलं, आता ते हो म्हणतील. ते म्हणाले, “तुम्ही सांगता म्हणून मी माझ्या बापाचं सगळ्यात मोठं वाक्य देऊन टाकू?”

“त्याचं सगळ्यात मोठं वाक्य दुसरं आहे,” खाला म्हणाल्या. “शेवटी ती विधवा विहिरीपाशी बोलते ते. दर वेळी रडते मी त्याला. ते छाप त्याच्या फोटोखाली. ते त्याचंच आहे.”

ते उठले, लाल कापडातली पटकथा उचलली आणि गेले. दारात कराकांना म्हणाले, “वकिलाशी बोलेन.”

कराकांनी बनमस्क्याची बशी जवळ ओढली. चार पुस्तकांत मी त्यांना एकदाही धोका पत्करताना पाहिलं नव्हतं. मग त्यांनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला. “माझी आई नाटक कंपनीत कपडे शिवायची. जाहिरातीत तिचं नाव नव्हतं,” ते म्हणाले. “छापा. टीप छापा. पण भाषा साधी ठेवा, मी म्हातारा माणूस आहे.”

मी खालांना टीप वाचून दाखवली. ‘हे वाक्य मोलकरणीची भूमिका करणाऱ्या हुस्नारा यांचं आहे; आधी ते त्यांनी स्टुडिओच्या दरवानाला ऐकवलं होतं.’ त्यांनी मान हलवली.

“नुसतं हुस्नारा नको. तो गावावरून संडीलवी, मग मी कुणीच नाही का? मी कानपूरची. हुस्नारा कानपुरी लिही.”

“खाला, लोक शायरा समजतील.”

“समजू देत.”

इंग्रजीत ‘हुजूर’ला धड शब्द नाही. ‘सर’ म्हटलं की शाळामास्तर उभा राहतो, ‘माय लॉर्ड’ म्हटलं की न्यायाधीश. मी हे खालांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “तो मान नव्हता, बेटी. त्याच्यापुढं जमिनीवर आपटलेली चप्पल होती ती.” म्हणून मी ‘हुजूर’ तसाच ठेवला, आणि खाली दुसरी टीप घातली.

पुस्तक ऑगस्टमध्ये आलं. समारंभ नाही, फोटो नाही. शताब्दीचा सोहळा दुसऱ्या सभागृहात झाला, तिथं आमच्या पुस्तकाचा उल्लेखही झाला नाही. सप्टेंबरात वकिलाची नोटीस आली: ते पान मागे घ्यावं. मी अर्ध्या पानाचं उत्तर लिहिलं आणि सोबत पटकथेच्या त्या पानाची नक्कल जोडली. तौसीफसाहेबांनी पटकथा परत नेण्याआधीच मी ती नक्कल करून ठेवली होती. त्यावर उत्तर आलं नाही. काही वर्तमानपत्रांनी मला वकारसाहेबांची बदनामी करणारी म्हटलं. एकानं तर विचारलं, आता काय दरवानाचंही नाव घालणार का. ते मी दुसऱ्या आवृत्तीत घातलं.

हिवाळ्यात नागपाड्याच्या एका मुलींच्या शाळेनं खालांना बोलावलं. मला वाटलं नव्हतं त्या जातील. गेल्या, काळा बुरखा, वर पांढरी शाल. शंभरेक मुली जमिनीवर बसल्या होत्या. त्यांनी चित्रपट पाहिलेला नव्हता, पण वाक्य सगळ्यांना पाठ होतं. पहिल्या रांगेतली एक म्हणाली, “दादीजान, एकदा बोलून दाखवा ना.”

खालांनी तिच्याकडे आणि मग तिच्या मांडीवरल्या पुस्तकाकडे पाहिलं.

“छापलंय ना त्यात,” त्या म्हणाल्या. “ऊठ, तूच वाच. मोठ्यानं वाच, आणि खाली नाव आहे ते पण वाच.”