घरी सुचलेली ओळ

"सांगू नकोस! एक शब्द नको," कॉलीन ओरडली आणि लेनर्डने पुढे केलेला कागद तिने न बघताच पालथा घातला.

लेनर्ड विस्निएव्स्की कोट न काढताच बसला. अमेरिकेतल्या बफेलोच्या कॉलेजात संगणक सांभाळणारा हा पन्नाशीचा माणूस दर शनिवारी सरहद्दीवरचा पूल ओलांडून कॅनडात, कॉलीनच्या स्वयंपाकघरात येई. लांबच्या संगणकात शिरताना पासवर्ड वाटेत कुणाला वाचता येऊ नये, असा फुकट प्रोग्राम दोघं मिळून लिहीत होते. त्यातल्या गणितावर अमेरिकेत पेटंट, वर ते देशाबाहेर पाठवायला बंदी. म्हणून वकिलाने बजावलं होतं, अमेरिकेत लिहिलेली एक ओळही घेऊ नका. कॅनडात बसून लिहिली तर चालेल. माणूस तोच, बोटं तीच! लेनर्डला हे कधीच नीट उमगलं नव्हतं.

"पण प्रोग्रामला भोक पडलंय गं. पाच वाजता हे जगभर जाणार, आणि लोकांचे पासवर्ड उघडे पडणार."

"दुरुस्ती सुचली कुठे तुला?"

"घरी. बटाटे सोलताना."

"मेलास!"

"नीट जमली मात्र पुलावर. मग अर्धी चालेल का?"

"गाढवा, इथे येऊन सुचली म्हणायचंस ना!"

"मग आधी सांगायचंस! आता म्हणू?"

"आता मी ऐकलंय."

कॉलीन स्वतःच भोक शोधायला बसली. दोनदा ती त्या जागेवरून पुढे गेली. लेनर्ड खाकरला.

"खाकरू नकोस! तीसुद्धा मदतच."

"घसा दुखतोय."

"भिंतीकडे तोंड कर."

तो तीन तास भिंतीकडे बघत बसला. विचार कुठल्या देशाचा, हे ठरवायचं कसं, त्याला कळेना. पावणेपाचला कॉलीन किंचाळली. सापडलं होतं. तिची ओळ त्याच्या ओळीहून आखूड होती, चांगली होती. त्याला हायसं वाटलं आणि वाईटही वाटलं. जास्त काय, ते समजेना.

"तुझं नाव घालू?"

"कशाला? मी नुसता बसलो होतो."

परतताना पुलाच्या टोकाला तरुण अधिकाऱ्याने गाडी थांबवली. "दिवसभर काय केलंत तिकडे?"

लेनर्डने बराच विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं.

"मैत्रिणीच्या घरी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. तिने बोलूच दिलं नाही."

अधिकाऱ्याने त्याच्याकडे कळवळून पाहिलं. "मिटेल हो, काका. जा तुम्ही."

लेनर्डने मान डोलावली आणि काच वर केली.