मागची सीट

"हनुवटी वर कर," मी बायकोला म्हणालो. तिने निमूटपणे केली. मी तिच्या हेल्मेटचा पट्टा आवळला, कमरेचा पट्टा ओढून पाहिला आणि तिच्या गळ्यातला स्कार्फ काढून शेडमधल्या खुंटीला अडकवला. ट्राइकचा पंखा पाठीमागे असतो. मागे बसलेल्याचं काहीही सुटं राहिलं, अगदी हातरुमालसुद्धा, तर ते थेट पात्यात जातं.

शेवटी तिच्या हेल्मेटची वायर दोन सीटांमधल्या पेटीत खोचली. ती वायर कशाची, ते सांगायचं राहून गेलं. सांगण्यासारखं इतकं होतं, की नेमकं तेवढंच राहिलं.

ट्राइक म्हणजे काय, हे शेजाऱ्यांना सांगून माझं तोंड दुखलं होतं. वर कापडी पंख, त्याखाली टांगलेली तीन चाकांची गाडी, एकामागे एक दोन सीटा, ना छप्पर ना दार. "म्हणजे छत्रीला लटकवलेली स्कूटर," खालच्या मजल्यावरचा दाढीवाला म्हणाला आणि सगळे फिदीफिदी हसले. मुलाने फोनवर साठी बुद्धी नाठीचा आहेर केला. बायको काहीच म्हणाली नाही. ती कशालाच काही म्हणत नाही. मला वाटायचं, समजूतदार आहे.

मी लिफ्ट मेकॅनिक. जन्म गेला लोकांना वर-खाली करण्यात, आणि मी आपला खालच्या अंधाऱ्या खड्ड्यात, ग्रीस फासून. वेळी-अवेळी फोन यायचा, अमक्या इमारतीत माणूस अडकलाय, की मी भरल्या ताटावरून उठायचो. सोडवलेली माणसं माझे हात हातात घ्यायची, कुणी कुणी रडायचीसुद्धा. घरी परत यावं तर ताट झाकून ठेवलेलं असायचं. निवृत्त झाल्यावर ठरवलं, बास झाला तो खड्डा, आता उघड्यावर जायचं आणि हिलाही न्यायचं. मास्तर, म्हणजे आमचा उडायला शिकवणारा, म्हणत होता की एका सीटची घ्या, हलकी असते. मी हट्टाने दोन सीटांची नवी कोरी घेतली.

गाडी गुणी निघाली. फक्त तिचं सगळं उलटं. हातातली दांडी पुढे ढकलली की नाक वर जातं, ओढली की खाली. उजवीकडे वळायचं तर दांडी डावीकडे सारायची. बटणांवर हयात काढलेल्या माणसाला हे अंगवळणी पडायला एक अख्खा हिवाळा गेला.

त्या सकाळी वारा अगदी पडलेला होता. चाकं माळावर खडखडत धावली आणि ती खडखड अचानक थांबली. आपण उडालो, हे तेवढ्यावरूनच कळतं. पुरेशी उंची येईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही, हा मास्तरचा नियम. मी तोवर एक वाक्य जुळवून ठेवलं होतं: घाबरू नकोस, मी आहे. उंची आली, मी तोंड उघडणार, तेवढ्यात कानात तिचा आवाज आला.

"एवढंसंच आहे की."

मला वाटलं, माझ्याशीच बोलतेय.

"नखाएवढं. टाकीशेजारचं, पांढऱ्या गच्चीचं. त्या घरात गेलं सगळं आयुष्य."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इंजिनाच्या आवाजात स्वतःचं बोलणंही ऐकू येत नाही, हे मीच तिला आठवडाभर ऐकवत होतो. हेल्मेटमध्ये माइक आहे आणि त्यातलं सगळं माझ्या कानात येतं, हे मात्र बोललो नव्हतो. ती एकटीच बोलत होती.

"सासूबाई पडल्या तेव्हा म्हणालास, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. औषधाच्या दुकानातली नोकरी सोडली मी. पोरगा कॉलेजात गेला तरी त्या होत्याच. त्या गेल्यावर एकदा तरी म्हणायचंस, जा परत कामावर."

बायकोने जन्मात मला अरे-तुरे केलेलं नाही. मी उगाच गाडी नदीकडे वळवली.

"दारातून बाहेर जाणारी तुझी पाठ बघत राहिले. आता इतकं वर आणलंस, तरी समोर पाठच."

ते खरंच होतं. मागच्याला पुढच्याची पाठच दिसते, बांधणीच तशी आहे.

नवीन माणूस वर आला की बाजूच्या नळ्या घट्ट धरून बसतो, असं मास्तर सांगतो. मी मान तिरकी करून पाहिलं. तिचे हात मांडीवर होते.

"भीती वाटेल म्हणालास. कशाची? पडलं तरी काय जायचंय?" दूध नासलंय म्हणून सांगावं, इतक्या साध्या आवाजात ती म्हणाली.

मी भ्यालो, ते तेव्हा. काहीतरी बोलायला हवं होतं. अडकलेल्या माणसाशी काय बोलायचं, हे मला तोंडपाठ आहे: घाबरू नका, दार ढकलू नका, मी येतोच आहे. यातलं एकही वाक्य मला तिच्याशी बोलता येईना.

उतरलो. इंजिन बंद केलं. तिने हेल्मेट काढून केस सारखे केले. मी विचारलं, कसं वाटलं? छान होतं, ती म्हणाली. मग खुंटीवरचा स्कार्फ घेता घेता थांबली.

"अहो, वर असताना तुम्हाला मागचं काही ऐकू येतं का हो?"

"छे," मी म्हणालो. "इंजिनापुढे काय ऐकू येणार?"

तिने स्कार्फाची गाठ मारली. "मग पुढच्या रविवारी येऊ मी?"

हेच तिच्या तोंडून ऐकायला मिळावं म्हणून मी ही गाडी घेतली होती. ऐकलं, आणि तोंड कडू झालं.

रविवारी ती माझ्याआधी तयार होऊन बसली होती. स्कार्फ घरीच ठेवला होता. शेडमध्ये हेल्मेटचा पट्टा तिने स्वतःच आवळला आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. वायर मी हातात घेतली. खोचली नसती तरी तिला काही कळलं नसतं, आणि मी सुटलो असतो.

मी ती खोचली, नीट बसलीय ना ते ओढून पाहिलं, आणि तिच्याकडे पाठ करून पुढे बसलो.