अस्तराचा पंचविसावा हात

माझे बाबा पेंटर. चित्रं काढणारे नव्हेत, दुकानांचे बोर्ड लिहिणारे. आमच्या गल्लीतल्या बाराही दुकानांची नावं त्यांच्या हातची. दवाखान्याच्या भिंतीवर 'येथे थुंकू नये' आहे तेही त्यांचंच, आणि ते इतकं देखणं आहे की लोक थुंकायला येतात, वाचतात आणि गिळून परत जातात.

त्यांचा स्वतःचा बोर्ड मात्र नाही. म्हणजे फळी आहे. पाच फूट लांब, मी जन्मले त्या वर्षी आईने हौसेने आणून दिलेली. त्याच आठवड्यात तिला पांढऱ्या अस्तराचा पहिला हात दिला गेला. अस्तर बसलं की त्यावर अक्षरं लिहायची, असा क्रम असतो. बाबा दर वर्षी पेन्सिलीने फळीवर आपलं नाव आखायचे, चार पावलं मागे जायचे, मान तिरकी करून बघायचे आणि म्हणायचे, "नाही. पृष्ठभाग अजून तयार नाही." नाव पुसायचेही नाहीत, पुसलं की चरे पडतात म्हणे. थेट नावावरूनच अस्तराचा नवा हात. वाळला की पॉलिश पेपर. मग पुढच्या वर्षापर्यंत फळी भिंतीकडे तोंड करून उभी.

फळी आणि मी एकाच वयाच्या. दोघींवरही अस्तरापलीकडे काही चढलेलं नाही.

आई गेल्यावर आत्या आमच्याकडे राहायला आली. ती मनात काही ठेवत नाही, जागाच नाही म्हणते.

"दादा, ही फळी आहे की गादी? किती थर चढवशील?"

"पाया पक्का लागतो गं."

"पाया इमारतीला लागतो. तुझं नाव तीन शब्दांचं आहे."

बाबा हसायचे. दुसऱ्याच्या बोर्डापुढे उभे राहिले की हेच बाबा वेगळे असायचे. एकदा एका क्लासवाल्याने यशस्वी होण्याचे एकवीस नियम भिंतीवर लिहून मागितले. बाबांनी एका सकाळीत लिहून दिले. पाचवा नियम चालढकल न करण्याबद्दल होता. तिथे ते जरा थांबले, ब्रशच्या मागच्या टोकाने कान खाजवला आणि सहाव्याकडे वळले.

मी लिफ्टच्या कंपनीत फोनवर असते. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की आतलं लाल बटण दाबतात, फोन मला लागतो. मी नाव विचारते, किती जण आहेत ते विचारते आणि म्हणते, "घाबरू नका, माणूस निघालाय." माणूस बहुतेक वेळा चहा पीत असतो. पण 'निघालाय' म्हटलं की समोरच्याचा श्वास जाग्यावर येतो, म्हणून पहिल्याच दिवशी आम्हाला ते वाक्य पाठ करायला लावलं होतं. बाकी मला एकच गोष्ट येते, विनोद. कुणी गंभीर झालं की माझ्या तोंडून आपोआप काहीतरी निसटतं, आणि विषय टळतो. घरात सगळे म्हणतात, पोरगी खेळकर आहे.

बाबा इतकी वर्षं आमच्या इमारतीच्या जिन्याखाली काम करायचे. डोकं वर केलं की पायरी लागायची, म्हणून त्यांना मान वाकवून लिहायची सवय झाली होती. गिऱ्हाइकं विचारत विचारत यायची. मग मालकीणबाईंनी ठरवलं की जिन्याखालची जागा मोकळी करून तिथे लिफ्ट बसवायची. लिफ्ट आमच्याच कंपनीची निघाली. मी घरी सांगितलं, "बघा बाबा, मी शेवटी तुम्हाला वर काढणार." सगळे हसले. आत्या सोडून.

मालकीणबाई वाईट नव्हत्या. रस्त्याला लागून त्यांचं एक दुकान रिकामं होतं, आणि त्या स्वतः खाली येऊन म्हणाल्या, "पेंटर, दुकान तुम्ही घ्या. भाड्याचं सावकाश बघू."

"घेतो की बाई."

"हे 'घेतो की' मी तीनदा ऐकलंय. आता ऐकून घेणार नाही, बघणार. बुधवारी संध्याकाळपर्यंत दारावर तुमचा बोर्ड दिसला तर दुकान तुमचं. नाही दिसला तर एक गादीवाला मागे लागलाय, त्याला देते."

"बोर्ड काय, तासाभराचं काम आहे."

"मग अडतंय कुठे?"

बाबांनी फळीकडे बघितलं. फळीने भिंतीकडे.

शनिवारी त्यांनी नाव आखलं. रविवारी 'पेंटर' नावाच्या आधी की नंतर, यावर दिवस गेला. सोमवारी त्यांनी सगळे ब्रश धुतले, जे धुतलेलेच होते. मंगळवारी दुकानात जाऊन खिळे ठोकायची जागा मापून आले, मग मापायची टेप बरोबर आहे का ते दुसऱ्या टेपने मापून बघितलं. आत्याने तोंडातून शब्द काढला नाही. ती जेव्हा बोलत नाही तेव्हा भांडी बोलतात.

बुधवारी सकाळी आठ वाजता मी कामावर निघाले होते. जिन्याखाली फळी दोन स्टुलांवर आडवी होती. नाव आखलेलं होतं, सुंदर, हलक्या पेन्सिलीने. बाबांच्या हातात निळ्या रंगात बुडवलेला ब्रश होता आणि तो ब्रश पहिल्या अक्षरापासून बोटभर अंतरावर थांबला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"कसं वाटतंय गं? लिहू?"

त्यांनी आयुष्यात मला कधी असं विचारलं नव्हतं. आवाज नेहमीचा नव्हता. मला ते कळलं. कळलं म्हणूनच माझ्या तोंडून निसटलं, "एवढी काय घाई बाबा? अजून एक हात द्या अस्तराचा. पंचवीस पूर्ण होऊ देत, हार घालू फळीला."

ते हसले. अगदी मोकळं हसले, सुटल्यासारखं. ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला, निळा रंग धुरासारखा पसरला, आणि त्यांनी अस्तराच्या डब्याचं झाकण उघडायला चमचा शोधायला सुरुवात केली. मीच तो शोधून दिला. मग माझी बस आली.

ओल्या अस्तरावर लिहिता येत नाही. संध्याकाळी मालकीणबाई दारापुढे पाच मिनिटं उभ्या राहिल्या, वर बघितलं आणि गेल्या.

गुरुवारी मी घरी परतले तेव्हा जिन्याखाली गादीवाला उभा होता. गोल चेहऱ्याचा, सभ्य, दर दोन वाक्यांनंतर जांभई देणारा माणूस. उद्या सकाळी त्याला दुकान उघडायचं होतं आणि त्याला आजच बोर्ड हवा होता.

"कोरी फळी मिळायला दोन दिवस लागतील," बाबा म्हणाले.

"मग ही काय आहे?" त्याने हात फिरवला. "वा! काचेसारखी आहे हो. कुणाची आहे?"

आत्या जिन्यावरून ओरडली, "दादा, नाही हं!"

बाबांनीही फळीवरून हात फिरवला. "कुणाची नाही," ते म्हणाले. "तयार आहे. घ्या."

त्यांनी खडूची दोरी ताणून दोन रेघा मारल्या आणि लिहायला लागले. आखलं नाही. मागे गेले नाहीत. मान तिरकी केली नाही. 'गाद्या, उशा, लोड' आणि खाली गादीवाल्याचं नाव, निळ्यात, काठाला बारीक पिवळी सावली. पावणेदोन तास. इतकी सुरेख अक्षरं मी त्यांच्या हातूनही पाहिली नव्हती. नावातल्या एका वेलांटीला त्यांनी असा झोक दिला की गादीवाला जांभई द्यायचा विसरला.

फळी उचलायला चार माणसं लागली. "लाकूड आहे की लोखंड?" त्यांच्यातला एक म्हणाला. खिळे दोनदा वाकले, शेवटी मोठे बोल्ट आणले. मी खालून कडेकडे बघत होते. कडेला थर दिसत होते, पांढऱ्यावर पांढरे, आणि प्रत्येकाच्या मध्ये माझ्या बापाचं नाव. चोवीस वेळा.

"सरळ आहे का?" वरून कुणीतरी विचारलं.

"डावीकडे जरा वर घ्या," बाबा म्हणाले. सरळ होईपर्यंत ते रस्त्यात उभे राहिले.

त्यानंतर त्यांनी काम सोडलं असं कुणी म्हटलं नाही. जागा मिळाली की सुरू करणार आहेत. ब्रश दर आठवड्याला धुतात.

सहा महिन्यांनी लिफ्ट सुरू झाली. परवा दुपारी फोन वाजला, माझ्यासमोर आमच्याच इमारतीचा पत्ता उमटला.

"नाव सांगा," मी म्हणाले.

"पेंटर." मग थोडं थांबून, "अगं, तूच का?"

"हो बाबा. किती जण आहात?"

"एकटाच. खालीच अडकलीय. म्हणजे बघ, माझ्याच जागेत बसलोय." ते हसले. "डोक्याला पायरी लागत नाही आता."

माझ्याकडे विनोद तयार होता. चांगला होता. मी तो गिळला.

"बाबा, त्या बुधवारी मी 'लिहा' म्हणायला हवं होतं."

मला वाटलं, कोणता बुधवार असं विचारतील.

"पृष्ठभाग तयार होता गं," ते म्हणाले. "पहिल्याच वर्षी झाला होता." आणि मग, कुणी बाहेरचं विचारावं तसं, "माणूस निघालाय का?"

"निघालाय, बाबा. घाबरू नका."

मी अजून कुणाला कळवलंच नव्हतं.