झुलालचा उजवा खांदा

धुळ्याच्या दवाखान्यात भिंतीला तळहात टेकवून झुलाल उभा होता, आणि डोक्यात सावद्याची केळीची बाग चालू होती. पानांवर दव, पुढे विळा घेऊन तोताराम, मागे घड वाहणाऱ्यांची रांग. घड उजव्या खांद्यावर, डावा हात पानं सारायला मोकळा. टोळीत खांदा बदलायची पद्धतच नव्हती. ज्याने बदलला त्याच्या नावाने बांधापर्यंत हाकाटी, "बाई थकली रे!" आणि बाया तिकडे दिवसभर वाकून निंदत असायच्या, त्या कधी थकल्या ते कोणी विचारलं नाही. झुलालने एकवीस वर्षं खांदा बदलला नाही. लोक त्याला मर्दपणा म्हणायचे. निव्वळ गाढवपणा होता.

मग एक दिवस शर्ट घालताना हात वर जाईना. पाठीत उजवा फरा, खांद्यामागचं चपटं हाड, कोंबडीच्या पंखासारखा बाहेर आला. गावातल्या मालिशवाल्याने हाड सरकलं म्हणून गुडघा रोवून तीनदा दाबलं. फरा होता तिथेच राहिला, बरगड्या मात्र सुजल्या. शेवटी बहीण कोकिळाने त्याला धुळ्याला आपल्या घरी आणलं.

"हाड जागेवर आहे, भाऊ," व्यायाम शिकवणारी रूपाली म्हणाली. साक्रीकडची पोरगी, बोलायला फटकळ. "मानेतून एक नस निघते आणि बरगड्यांच्या कडेने खाली उतरते. फऱ्याला पाठीशी धरून ठेवणारा स्नायू तिच्या जिवावर चालतो. तुम्ही ओझ्याखाली मान वाकडी करून रोज ती ताणली. स्नायू ढिला पडला, फरा सुटला."

"मंग मालिश?"

"मालिशने नस जागी होते का? तिला वेळ लागतो. घाई बठ्ठी, सगळीच्या सगळी, घरी ठेवून यायचं."

"घड कधी उचलू?"

"या खांद्यावर कधीच नाही."

झुलालने भिंतीवरचा तळहात काढून घेतला. हात बरा झाला तरी टोळीत परत जाता येणार नाही, ही एकच भीती त्याला होती. ती या पोरीने पाणी प्यावं इतक्या सहज बोलून टाकली.

भिंत ढकलायची, काठी धरून हात वर न्यायचा. रोज. दुपारी कोकिळाच्या ओट्यावर बसला की त्याला बागेतली दुपार आठवायची: भाकर, ठेचा, ट्रकच्या टपावर बसून गाणारा झिपरू. महिन्यामागून महिने गेले. हात छातीशी आला, हनुवटीशी आला. सातव्या महिन्यात कपाळाच्या वर गेला आणि झुलालच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आन् डाव्या खांद्यावर?" त्याने विचारलं.

रूपालीने त्याचा डावा खांदा चाचपून पाहिला. "हलका घड. मान सरळ. दुखलं की बंद. ऐकाल?"

"ऐकीन."

सावद्याला गेला तर आठवणीतली रांग नव्हतीच. नऊ माणसं उरली होती, त्यात पाच नवी, कानात वायरी घातलेली. झिपरू सुरतेला गेला होता.

"ये भो झुलाल!" तोताराम ओरडला. "सात महिने बहिणीच्या घरी पोळ्या खाऊन राह्यला, फुगला नं!"

झुलालने घडाखाली घ्यायची गादी डाव्या खांद्यावर टाकली. तोतारामचं हसू विरलं.

"तिकडे कायले?"

"इकडची नस गेली. एकवीस वर्षं मान वाकडी केली मी, तुम्ही बी करून राह्यले. मले हसा, पण खांदे बदला."

नवी पोरं खरंच हसली. एकाने हाकाटीही घातली. तोतारामने विळा फिरवला आणि झाडांच्या ओळीतला सगळ्यात बारका घड कापला.

झुलालच्या अंगाची आग झाली. असला घड तो पूर्वी पोरांना देऊन टाकायचा. शेजारी मोठा, भरलेला घड लोंबत होता. तोताराम वाट पाहत होता.

"दे," झुलाल म्हणाला. बारका घड खांद्यावर घेतला, मान सरळ ठेवली, आणि सगळ्यांच्या मागून हळूहळू ट्रककडे निघाला.