कापसाखालची हराळी

लटारूचा पाय अधू झाला तो आलापल्लीच्या जंगलात. सागाचे लठ्ठे गाडीवर चढवताना एक घरंगळला आणि त्याच्या गुडघ्यावर आला. चांद्याच्या दवाखान्यातून तो मूल गावी घरी परतला तेव्हा पाय होता, पण गुडघा वाकत नव्हता. बायको मनकर्णा रोजीनं लोकांच्या बांधीत धान कापायला जायची आणि हा धडधाकट छातीचा माणूस दिवसभर ओसरीवर पाय पसरून बसायचा. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी.

घरामागं थोडी मोकळी जागा होती. तिथं भाजीची वाडी करावी असं मनकर्णाच्या मनात होतं. पण सगळी जागा हराळीनं विणून टाकली होती. माघात तिनं पेटवून पाहिलं. वरचं वाळलेलं गवत जळालं आणि थोड्याच दिवसांत आधीपेक्षा हिरवीगार हराळी वर आली. मग कामावरून आल्यावर ती कुदळ घेऊन भिडली. कुदळीनं मुळ्यांचे तुकडे झाले आणि प्रत्येक तुकडा नव्यानं फुटला. शेवटी तिनं कुदळ भिंतीला टेकवून ठेवली. लटारू ओसरीवरून हे पाहत होता. आपल्याला उठून हातभार लावता येत नाही याचं त्याला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

शेजारी नूर मोहम्मद पिंजारी राहायचा. लोक जुन्या गाद्या त्याच्याकडे आणत. तो कापूस पिंजून त्या पुन्हा भरून देई, आणि गाठी झालेला, काळा पडलेला कापूस घरामागं टाकून देई. एका सकाळी तो कुंपणापाशी येऊन लटारूला म्हणाला, "माह्या घरामागं कापसाचा ढीग पडून हाय ना, त्याच्याखाली गवताची काडी उगवत नाई. तुमच्या हराळीवर टाकून पाहू का?"

लटारू म्हणाला, पाहा. त्याला फारशी आशा नव्हती.

चैत्रात नूर मोहम्मदनं आणि त्याची बायको सुलताना हिनं टोपल्यांनी कापूस आणला. मनकर्णानं खळ्यावरची धानाचं तणस आणलं. सगळ्या जागेवर जाड थर पसरला, त्यावर फाटक्या गाद्यांच्या खोळी अंथरल्या, पाणी शिंपडलं. तणसाच्या वासानं गावची ढोरं येऊ लागली, म्हणून लटारू काठी घेऊन तिथंच पळसाच्या सावलीत बसू लागला. ओसरी सुटली ती अशी.

वैशाखात मनकर्णा तेंदूपानं तोडायला गेली असताना दुपारी वावटळ उठली. खोळी उडाल्या, कापूस काट्याच्या कुंपणाला आणि पार रस्त्यावर जाऊन लागला. लटारू बसल्या बसल्या हाताला येईल तेवढं दाबून धरत होता. बाकीचं नुसतं पाहणं आलं. तेवढ्यात सुलताना पदर खोचून आली. तिच्यामागं गल्लीतली गुणाबाई आली, आणखी दोघी-तिघी आल्या. त्यांनी काट्यांतून कापूस वेचला, उडालेल्या खोळी गोळा केल्या. नूर मोहम्मद हातातलं काम तसंच टाकून आला आणि खोळींवर दगड-माती ठेवून त्यानं सगळं पुन्हा दाबून बसवलं. कुणी लटारूला काही विचारलं नाही, कीव केली नाही. गुणाबाईनं फक्त पाण्याचा लोटा त्याच्या हाती दिला. तो पाणी प्यायला आणि त्याला डोळे पुसावे लागले.

मृग लागला तसा त्यांनी थर उचलला. खाली हराळी पिवळी पडून दोऱ्यासारखी मऊ झाली होती. माती भुसभुशीत, गांडुळांनी भरलेली. कुठं कुठं पांढऱ्या मुळ्या जिवंत होत्या, पण आता ओढलं की अख्ख्या निघत होत्या. हे काम बसून होण्यासारखं होतं. लटारू बोऱ्यावर बसला, अधू पाय पुढं पसरला, आणि खुरपीनं माती सैल करत एकेक मुळी काढत सरकू लागला. निघालेल्या मुळ्या तो मनकर्णाला छपराच्या कवेलूंवर वाळत टाकायला लावी, पुन्हा मातीला लागू नयेत म्हणून. संध्याकाळी कोपरापर्यंत मातीनं भरलेले हात धुऊन तो जेवायला बसला आणि म्हणाला, "भात अजून वाढ वो." मनकर्णानं वाढला.

भेंडी, चवळी, वांगी लावली. कुंपणावर दोडका चढवला. भाजीचा पहिला तोडा निघाला तेव्हा मनकर्णा सूप भरून सुलतानाकडे निघाली. लटारू म्हणाला, मीही येतो. काठी टेकत, थांबत थांबत तो गेला.

नूर मोहम्मद म्हणत होता, यात माझं काय गेलं, तो कापूस मला तसाही फेकायचाच होता.

"तुमचा फेकायचा असन, नूरभाई," लटारू म्हणाला. "मी बी तसाच एका कोपऱ्यात पडलो होतो. तुमी मले काम देलं. मी हे कधी विसरणार नाई."

नूर मोहम्मदनं लटारूला हाताला धरून खाटेवर बसवलं. सुलतानानं भेंड्या तिथंच चिरायला घेतल्या आणि दोघांना जेवल्याशिवाय जायचं नाही असं सांगितलं. भाजी शिजेपर्यंत नूर मोहम्मद विचारत होता की दोडक्याचं बी कोणत्या महिन्यात लावतात, छपरावर वेल चढेल का. लटारू त्याला सगळं समजावून सांगत होता, आणि मनकर्णा नवऱ्याचा तो आवाज ऐकत सुलतानाला लसूण सोलून देत होती.